कावीळ गंभीर होते तेव्हा: विषाणूविरोधी औषध नेमकं काय करतं?

कावीळ वाढत गेली आणि रुग्णाला दवाखान्यात भरती करावं लागलं, की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "व्हायरस मारणारं औषध सुरू केलं ना?" प्रश्न अगदी रास्त आहे. पण त्याचं उत्तर दर वेळी 'हो' नसतं, आणि 'नाही' म्हणणारा डॉक्टर हलगर्जीपणा करतोय असंही नसतं. काही विषाणूंवर औषधच नाही. काहींवर आहे, पण ते कोणत्या टप्प्यावर पोटात जातं यावर त्याचा उपयोग ठरतो. आणि एक विषाणू असा आहे, की त्याच्यावरचं औषध वेळेत सुरू झालं तर जीव वाचू शकतो आणि तेच औषध मनाने बंद केलं तर जीव धोक्यात येऊ शकतो. तो म्हणजे हिपॅटायटिस बी. या लेखात सर्वांत जास्त जागा त्यालाच दिली आहे.

आधी 'गंभीर' म्हणजे काय ते पाहू, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. विषाणूमुळे यकृताला सूज आलेली बहुतेक माणसं आपली आपण बरी होतात. डोळे पिवळे होतात, अन्नाची वासना जाते, अंगात त्राण राहत नाही, आणि काही आठवड्यांत सगळं पूर्वपदावर येतं. थोड्या जणांचं मात्र यकृत हार मानू लागतं. हे थोडे जण वेळेत ओळखायचे कसे?

एक उदाहरण घेऊ. समजा भरती झाल्या दिवशी रुग्णाचा एसजीपीटी 2800 आहे, बिलिरुबिन (डोळे पिवळे करणारं द्रव्य) 9 आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) 1.4. आठवड्याने पुन्हा तपासणी होते. एसजीपीटी 600 वर आलाय, बिलिरुबिन 19 झालंय आणि आयएनआर 2.6. घरच्यांचं लक्ष पहिल्या आकड्याकडे जातं. अठ्ठावीसशेचे सहाशे झाले, म्हणजे उतार पडला, असं वाटून त्यांना हायसं वाटतं. डॉक्टरांचा चेहरा मात्र उतरलेला असतो.

एसजीपीटी हे यकृताच्या पेशींच्या आत राहणारं एक द्रव्य आहे. पेशी मेली किंवा फुटली की ते रक्तात येतं. म्हणून तो आकडा नासधूस किती वेगाने चाललीय हे सांगतो. यकृताचं काम कितपत चालू आहे, हे सांगत नाही. तो आकडा दोन कारणांनी खाली येतो: नासधूस थांबली म्हणून, किंवा मरायला फारशा पेशीच उरल्या नाहीत म्हणून. यातलं कारण कोणतं, ते बाकीचे दोन आकडे सांगतात. बिलिरुबिन आणि आयएनआर खाली येत असतील तर रुग्ण सुधारतोय. ते चढत असतील तर परिस्थिती हाताबाहेर चालली आहे.

त्यातही आयएनआरकडे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. रक्त गोठवणारी बरीचशी प्रथिनं यकृतच तयार करतं, आणि त्यातलं एक, सातव्या क्रमांकाचं, रक्तात जेमतेम काही तास टिकतं. यकृताने ते बनवणं सोडलं की एक-दोन दिवसांत आयएनआर चढायला लागतो. याउलट अल्ब्युमिन हे यकृतातच बनणारं दुसरं प्रथिन रक्तात दोन-तीन आठवडे टिकतं, त्यामुळे नव्या आजारात त्याचा आकडा सुरुवातीला चांगलाच दिसतो आणि फसवतो.

तिसरी खूण रिपोर्टमध्ये सापडत नाही, ती रुग्णाजवळ बसलेल्या माणसालाच आधी कळते. रुग्ण दिवसा झोपतो आणि रात्री टक्क जागा राहतो. बोलताना अडखळतो, आजचा वार चुकतो, उगाच चिडतो, सही नेहमीसारखी येत नाही. डॉक्टर त्याला दोन्ही हात समोर ताठ धरून पंजे वर उचलायला सांगतात. पंजे स्थिर राहत नाहीत, झटके दिल्यासारखे खाली पडतात आणि पुन्हा वर येतात. यकृत जे विषारी पदार्थ गाळून टाकतं ते मेंदूपर्यंत पोचू लागल्याचं हे लक्षण. अशा वेळी 'रात्रभर झोप नाही, जरा झोपेची गोळी द्या' हा आग्रह धरू नये. झोपेच्या औषधाने रुग्ण आणखी गुंगीत जातो, आणि ती गुंगी गोळीची की आजाराची हे ओळखणं अवघड होऊन बसतं.

आधी धडधाकट असलेल्या यकृताच्या बाबतीत आयएनआर 1.5 किंवा त्याच्या वर गेला आणि शुद्धीवर परिणाम झाला, तोही आजार सुरू झाल्यापासून 26 आठवड्यांच्या आत, तर त्याला तीव्र यकृत निकामी होणं म्हणतात. यकृत आधीच जुन्या आजाराने खंगलेलं असेल आणि त्यावर नवा घाव बसला, तर तो वेगळा प्रकार. हा फरक पुस्तकी वाटेल, पण औषधाचा उपयोग किती होणार हे बरंचसं यावरच ठरतं.

बी: नुकसान करतो आपलाच पहारा

हिपॅटायटिस बीचा विषाणू यकृताच्या पेशीत शिरतो, तिथे आपल्या प्रती काढतो, पण पेशीला थेट मारत नाही. वर्षानुवर्षं तो तिथे बिनबोभाट राहू शकतो. पेशी मारते ती आपली प्रतिकारशक्ती. विषाणू असलेल्या पेशी ओळखून ती त्यांचा नाश करते. हे काम बेताने झालं तर माणूस बरा होतो. प्रौढपणी लागण झालेल्यांपैकी 95 टक्क्यांहून जास्त लोकांत असंच होतं. जन्माच्या वेळी लागण झालेल्या बाळांत मात्र उलट घडतं: त्यांची प्रतिकारशक्ती विषाणूला ओळखत नाही आणि सुमारे 90 टक्के बाळांमध्ये तो कायमचा राहतो.

प्रौढांमधल्या अगदी थोड्या, शंभरात एकाहून कमी रुग्णांत हा हल्ला इतका जोरदार होतो की यकृतच निकामी होतं. हल्ला एवढा तिखट असतो की रुग्ण दवाखान्यात पोचेपर्यंत विषाणू जवळजवळ संपलेलाही असू शकतो. अशा वेळी नेहमीची एचबीएसएजी (विषाणूच्या आवरणाचा अंश शोधणारी) चाचणी निगेटिव्ह येऊ शकते आणि आजार बीचा नाहीच, असा चुकीचा निष्कर्ष निघतो. म्हणून गंभीर काविळीत तिच्या जोडीला अँटी-एचबीसी आयजीएम ही, विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिद्रव्यं शोधणारी चाचणी करतात.

आता साहजिक प्रश्न असा: नुकसान प्रतिकारशक्ती करत असेल, तर विषाणूविरोधी औषधाने काय साधणार? त्यासाठी औषध काम कसं करतं ते पाहावं लागेल.

बीच्या विषाणूला नवी प्रत काढण्यासाठी एक विकर लागतं. ते साखळीत एकेक घटक जोडत जातं. टेनोफोव्हिर आणि एन्टेकाव्हिर ही औषधं या घटकांसारखीच दिसतात. विकर फसतं, औषधाचा तुकडा साखळीत जोडतं आणि पुढची जोडणी अडते. नव्या प्रती निघणं थांबलं की नव्या पेशींना लागण होत नाही, आणि प्रतिकारशक्तीला हल्ल्यासाठी नवी लक्ष्यं मिळत नाहीत. औषध यकृताची डागडुजी करत नाही आणि मेलेल्या पेशी परत आणत नाही. ते पुढची लागण रोखतं. उरलेलं यकृत पुन्हा वाढायला जो वेळ लागतो, तो त्यामुळे मिळू शकतो. म्हणूनच पेशी शिल्लक असताना सुरू केलेलं औषध आणि सगळं उरकल्यावर सुरू केलेलं औषध यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पुरावा काय सांगतो? इथे दोन चित्रं आहेत आणि दोन्ही प्रामाणिकपणे मांडायला हवीत.

पहिलं चित्र जुन्या बीच्या अचानक उसळीचं. माणसाच्या शरीरात विषाणू वर्षानुवर्षं असतो, बरेचदा त्याला पत्ताही नसतो, आणि एके दिवशी तो उसळतो. 2011 साली दिल्लीच्या डॉक्टरांनी अशा 27 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यांचं यकृत निकामी व्हायला लागलं होतं. चौदा जणांना टेनोफोव्हिर दिलं, तेरा जणांना औषध नसलेली गोळी. तीन महिन्यांनी टेनोफोव्हिर घेतलेल्यांपैकी आठ जण हयात होते, दुसऱ्या गटातले फक्त दोन. अभ्यास लहान आहे, हे खरं. पण फरक डोळ्यांत भरणारा आहे. त्यात आणखी एक गोष्ट दिसली: पहिल्या दोन आठवड्यांत रक्तातला विषाणू शंभर पटींनी किंवा त्याहून जास्त कमी झाला, तर रुग्ण वाचण्याची शक्यता खूप वाढत होती. म्हणजे औषध दिल्यावर काय होतंय हे पंधरवड्यात कळू शकतं, आणि उतार नसेल तर यकृत प्रत्यारोपणाची तयारी लगेच करता येते.

दुसरं चित्र नव्याने झालेल्या तीव्र बीचं. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशा रुग्णांना लॅमिवुडिन हे जुनं औषध दिलं गेलं. विषाणू लवकर कमी झाला, पण कावीळ उतरण्यात किंवा आयएनआर सुधारण्यात औषध न मिळालेल्या रुग्णांपेक्षा ठळक फरक पडला नाही. याचं कारण वर आलेलंच आहे: हल्ला होऊन गेलेला असतो आणि विषाणू तसाही जायच्या वाटेवर असतो.

तरीही गंभीर तीव्र बीमध्ये औषध द्यावं असंच आज जगभरातल्या तज्ज्ञ संस्था सांगतात, आणि मला ते पटतं. एकतर ही औषधं सुरक्षित आहेत. दुसरं, समोरच्या रुग्णाचा आजार अगदी नवा आहे की जुन्याची उसळी, हे पहिल्या दिवशी सांगणं बरेचदा अशक्य असतं. दोन्ही प्रकारांत आयजीएम पॉझिटिव्ह येऊ शकतं. आणि तिसरं, प्रत्यारोपणाची वेळ आलीच तर रक्तात विषाणू जितका कमी तितकं नवं यकृत सुरक्षित. मात्र साध्या, सरळ मार्गाने उतरत चाललेल्या तीव्र बीला औषध लागत नाही. अमेरिकन यकृततज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते लागतं यकृत निकामी होत असेल तेव्हा, किंवा आजार रेंगाळत गंभीर वळण घेत असेल तेव्हा: बिलिरुबिन 3 च्या वर राहतंय, आयएनआर 1.5 च्या पुढे गेलाय, पोटात पाणी झालंय किंवा शुद्ध हरपतेय.

कोणतं औषध

लॅमिवुडिन 1998 मध्ये बीसाठी मान्य झालं तेव्हा ती फार मोठी गोष्ट होती, कारण तोवर इंजेक्शनातून द्यायचं इंटरफेरॉन एवढाच पर्याय होता. पण विषाणू लॅमिवुडिनला लवकर सरावतो. पाच वर्षांत सुमारे 70 टक्के रुग्णांत ते निरुपयोगी ठरतं. एन्टेकाव्हिर 2005 साली आलं, टेनोफोव्हिर 2008 साली. पूर्वी अशी औषधं न घेतलेल्या रुग्णांत पाच वर्षांत जेमतेम एक टक्का जणांतच विषाणू एन्टेकाव्हिरला दाद देईनासा होतो. म्हणून सध्या ही दोनच औषधं मुख्य आहेत. लॅमिवुडिन आधी घेतलेलं असेल तर एन्टेकाव्हिर कमी पडतं, टेनोफोव्हिर चालतं. टेनोफोव्हिरच्या जुन्या रूपात मूत्रपिंडावर लक्ष ठेवावं लागतं. 2016 साली मान्य झालेलं नवं रूप त्या मानाने सौम्य आहे. एन्टेकाव्हिर उपाशीपोटी घ्यायचं असतं, जेवणापासून दोन तास दूर. हे सांगायचं अनेकदा राहून जातं.

इंटरफेरॉन मात्र गंभीर आजारात द्यायचंच नाही. ते प्रतिकारशक्तीला चेतवतं, आणि इथे तर तिनेच घात केलेला असतो.

औषध सुरू करण्याआधी किंवा निदान त्याच दिवशी एचआयव्हीची चाचणी हवी. बीवरची ही औषधं एचआयव्हीवरही थोडीफार चालतात. दोन्ही आजार असलेल्या माणसाला यातलं एकच औषध दिलं तर एचआयव्ही त्याला सरावतो आणि पुढचे उपचार कठीण होतात.

बाकीचे विषाणू

हिपॅटायटिस ए आणि ई दूषित पाण्यातून, अन्नातून पसरतात. एवर विषाणूविरोधी औषध नाही. गंभीर झाला तरी उपचार आधाराचेच असतात: रक्तातली साखर घसरू न देणं, जंतुसंसर्ग टाळणं, मेंदूची सूज ओळखणं आणि वेळेत प्रत्यारोपण केंद्रात हलवणं. एवर लस आहे आणि ती उत्तम काम करते.

ई सहसा सौम्य असतो, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत तो भयंकर रूप घेऊ शकतो. काही साथींमध्ये अशा पाच-सहा गरोदर बायकांमागे एक दगावल्याच्या नोंदी आहेत. आणि नेमकं इथेच हात बांधले जातात. ईवर रिबाविरिन हे औषध थोडंफार उपयोगी पडतं, पण त्याने गर्भात व्यंग येतं, म्हणून गरोदरपणी ते वर्ज्य आहे. रिबाविरिनचा खरा उपयोग दिसला तो अवयव प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांत, ज्यांच्यात ई महिनोन् महिने रेंगाळतो. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा 59 रुग्णांपैकी 78 टक्के या औषधाने बरे झाले.

सी यकृत झटकन निकामी करतो असं क्वचितच घडतं. त्याची रीत वेगळी. वीस-तीस वर्षं गुपचूप यकृत पोखरायचं. 1989 मध्ये तो सापडला आणि 2013 साली सोफोसबुव्हिर हे औषध आल्यावर चित्रच पालटलं. आज बहुतेकांना आठ ते बारा आठवड्यांच्या गोळ्या पुरतात आणि शंभरातले पंच्याण्णवहून जास्त लोक पूर्ण बरे होतात. विषाणू कायमचा जातो, हे बीमध्ये अजून जमलेलं नाही. पोटात पाणी होण्याच्या थराला गेलेल्या रुग्णांनाही सोफोसबुव्हिर आणि वेल्पाटासव्हिर ही जोडी देता येते, बरेचदा रिबाविरिनच्या साथीने. पण 'प्रेव्हिर' असा शेवट असलेली सीची औषधं अशा यकृताला झेपत नाहीत, ती टाळावीच लागतात. हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडेरोन चालू असेल तर ते आवर्जून सांगावं. सोफोसबुव्हिरसोबत ठोके धोकादायकरीत्या मंदावू शकतात.

डी हा बीच्या आधारानेच जगणारा विषाणू. बीची लागण असलेल्यालाच तो होतो. त्यावर बुलेव्हिर्टाइड हे इंजेक्शन 2020 मध्ये युरोपात मान्य झालं. विषाणू पेशीच्या ज्या दारातून आत शिरतो ते दारच ते अडवतं. पण ते दीर्घकाळच्या आजारासाठी आहे, यकृत निकामी झालेल्या रुग्णासाठी नव्हे. बीची लस घेतलेल्याला डी होत नाही.

आणखी एक विषाणू या अक्षरांच्या यादीत बसत नाही, पण विसरून चालणार नाही: नागिणीच्या कुळातला हर्पिस सिम्प्लेक्स. गरोदर बाई किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेला रुग्ण, तापाने फणफणलेला, एसजीपीटी हजारांत, आणि डोळे मात्र फारसे पिवळे नाहीत, असं दिसलं की त्याचा संशय घ्यायला हवा. कातडीवर फोड निम्म्याच रुग्णांत दिसतात. यावर ॲसायक्लोव्हिर शिरेतून देतात, आणि रिपोर्टची वाट न पाहता देतात. संशय खोटा ठरला तर औषध बंद करता येतं. उशीर झाला तर तो भरून काढता येत नाही.

उसळी कशाने येते

पुन्हा बीकडे येतो, कारण सर्वांत जास्त कळवळून सांगावं असं इथेच आहे. बीची गंभीर प्रकरणं अचानक घडल्यासारखी दिसतात, पण त्यातली बरीच टाळता येण्याजोगी असतात.

बीचा विषाणू पेशीच्या केंद्रकात स्वतःची एक मूळ प्रत ठेवून देतो. टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर या मूळ प्रतीवरून निघणाऱ्या नकला थांबवतं. मूळ प्रत तशीच तिजोरीत राहते. दोन वर्षं रिपोर्ट चांगले आले, विषाणू 'सापडत नाही' असं लिहून आलं, म्हणून कुणी गोळ्या मनाने बंद करतं. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत नकला पुन्हा निघू लागतात, सुस्तावलेली प्रतिकारशक्ती खडबडून जागी होते आणि हल्ला सुरू होतो. सिरोसिस (यकृत व्रणांनी कडक होणं) असलेल्या रुग्णाला हा हल्ला सोसत नाही. गोळ्या संपल्या, प्रवासात राहिल्या, दुसऱ्या आजाराच्या औषधांच्या गडबडीत मागे पडल्या, कारण काहीही असो, परिणाम तोच. गोळी कधी थांबवता येते हे रक्त तपासूनच ठरतं. एचबीएसएजी निघून गेला तर थांबवण्याचा विचार करता येतो, आणि सिरोसिस असेल तर बहुधा ती आयुष्यभर घ्यावी लागते.

दुसरं कारण प्रतिकारशक्ती दाबणारे उपचार. कर्करोगाची केमोथेरपी, जास्त दिवसांचं स्टेरॉइड, आणि सर्वांत धोक्याचं रिटुक्सिमॅब. या औषधाच्या वेष्टनावर बीच्या उसळीचा ठळक इशारा छापावा, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2013 साली बजावलं. सीच्या नव्या गोळ्यांवरही 2016 पासून असा इशारा आहे, कारण सी गेला की दबून बसलेला बी डोकं वर काढू शकतो. आणि ज्याला बी कधीकाळी होऊन 'बरा' झाला, ज्याचा एचबीएसएजी निगेटिव्ह आहे, त्याच्यातही मूळ प्रत असतेच. रिटुक्सिमॅबने तीही उसळू शकते.

म्हणून अशा उपचाराचं पहिलं सलाईन लागण्याआधी दोन चाचण्या झालेल्या असाव्यात: एचबीएसएजी आणि एकूण अँटी-एचबीसी (नवी-जुनी सगळी प्रतिद्रव्यं शोधणारी). पहिली बहुतेक ठिकाणी होते, दुसरी राहून जाते, आणि पूर्वी होऊन गेलेला बी फक्त दुसरीतच दिसतो. ती झाली नसेल तर स्वतःहून मागून घ्यावी, यात डॉक्टरांना काही वाटण्याचं कारण नाही. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि धोका मोठा असेल, तर केमोच्या आधीच टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर सुरू करतात. रोज एक गोळी. रिटुक्सिमॅब घेतलेल्यांनी ती शेवटच्या डोसानंतरही निदान वर्षभर चालू ठेवायची असते, काही तज्ज्ञ दीड वर्ष सांगतात. आणि गोळी थांबवल्यावरही पुढचं वर्षभर ठरावीक अंतराने एसजीपीटी आणि एचबीव्ही डीएनए (रक्तातला बीचा विषाणू) तपासत राहावं लागतं, कारण उशिराची उसळी याच काळात येते आणि तोवर कर्करोगाच्या डॉक्टरांकडच्या फेऱ्या विरळ झालेल्या असतात. तेव्हा ही तपासणी कोणत्या डॉक्टरांकडे, कोणत्या महिन्यात करायची, हे केमो संपायच्या आधीच विचारून कागदावर लिहून घ्यावं.